घुमका

हे माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही — आणि बहिणीजवळ मी आयुष्यात काय काय बोलून बसलेय ते ऐकलंत तर कानांवर हात ठेवाल. तुमच्याशी बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. छे, तेही खरं नाही. बोलतेय कारण मला भीती वाटते. गेली तीन वर्षं, पाऊस लागला की ती सुरू होते, ती दसरा उलटेपर्यंत जात नाही. अहो, मी भूगावात चौथ्या मजल्यावर राहते, आमच्या बिल्डिंगच्या अंगावर कोसळायला डोंगर आहे कुठे? पण शेजारच्या प्लॉटवर पोकलेन सुरू झाला आणि फरशी थरथरली, की मी अनवाणी जिन्यात जाऊन उभी राहते. शेजारणीने दोनदा पाहिलं. बीपीचा त्रास आहे म्हणून सांगितलं तिला.

आणि पिठाची गिरणी. गिरणी चालू असली की मला त्या गल्लीतून जाता येत नाही. पाकिटातलं पीठ आणते. नवरा रोज कुरकुरतो, पोळ्या चामट होतात म्हणून. होऊ देत.

आता तुम्ही म्हणाल, या बाईचं गिरणीने काय घोडं मारलंय? सांगते. पण दमाने घ्या, मला ते एकदम सांगता येत नाही.

मी वीसेक वर्षं नाटकांचे सेट आणि आवाज करायचे. विजेचा कडकडाट, आगगाडी, मोर्चा, काय हवं ते. मग लवळ्याला डोंगरावरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले, आणि तिथे एक रिकामी शेड माझ्या हाती लागली. मनात आलं, या शेडमध्ये दरड कोसळवायची. म्हणजे खरी नाही हो. प्रेक्षक आत शिरणार, ते घाटातल्या एका घराचं आतलं असणार — चूल, घोंगडी, भिंतीला टेकवलेली इरली. बाहेर पाऊस. पायाखालची फळ्यांची जमीन हलती ठेवलेली. ओल्या मातीचा वास, तोही खऱ्या मातीचा. आणि मग डोंगर खाली येणार. लोक दरडीची बातमी बघतात, च्-च् करतात आणि चॅनेल बदलतात. मला त्यांना त्या घरात नेऊन बसवायचं होतं. निदान कॉलेजला दिलेल्या अर्जात मी तसं लिहिलं होतं. खरं सांगू? मला माणसं घाबरवायची होती. नाटकात टाळ्या पुष्कळ मिळाल्या, त्याही दिग्दर्शकाला. आपल्या हाताने केलेल्या गोष्टीने माणूस किंचाळला, असं कधी झालं नव्हतं. तेवढं एकदा हवं होतं मला.

दरड पाहिलेलं माणूस शोधत मी ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वाडीवर गेले. सहा-सात घरं, मागे सरळ उभा डोंगर. तिथे हौसाबाई भेटल्या. सत्तरीच्या धनगर बाई, बोटाएवढ्या जाड चांदीच्या पाटल्या, तोंडात सदा मिश्री. मुलगा बबन, सून, लहानगी नात आणि पंधरा-वीस शेरडं असा संसार. त्या नुकत्याच लग्न होऊन आलेल्या असताना, दुसऱ्या एका वाडीवर, त्यांचं घर दरडीखाली गेलं होतं. सासू गेली होती त्यात.

मी माइक लावून बसले. त्या सांगत होत्या तसंच सांगते. "पाऊस निस्ता धो धो. आन आमचा झरा, जो चैतात बी आटत न्हाई, त्यो गपकन तुटला. घोटभर पानी न्हाई. सासरा म्हनला, झरा तुटला, निगा. सासू भाकरी थापत व्हती. म्हनली, यवढी भाकर हुंद्या. आमी भायेर, ती आत."

मी विचारलं, आवाज कसा आला, मावशी? तो तर माझा धंदा ना.

"आवाज कसला? समदं गप. शेरडं बी गप. मंग डोंगर हितं व्हता, त्यो तितं."

भर पावसात झरा तुटला की घर सोडायचं. त्यांच्याकडे हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. भाकरी तव्यावर असली तरी उठायचं. हौसाबाईंच्या घरी तर पावसाळ्यात कुणी ना कुणी तासातासाला मागे जाऊन झरा बघून यायचंच, दात घासावेत इतक्या सवयीने.

मी आधी अगदी त्यांच्या सांगण्याबरहुकूम केलं, हे लिहून ठेवा. म्हणजे पुढचं जे केलं ते अजाणता केलं असं तुम्हाला वाटायला नको. पाऊस, शेरडांच्या गळ्यातल्या घंट्या, मागे झऱ्याची धार. मग धार थांबते. घंट्या थांबतात. दोन मिनिटं नुसता पाऊस. आणि मग काळोख, आणि धक्का. चाचणीला वर्गातली मुलं बसवली. बाहेर येऊन एकजण म्हणतो, "मॅम, मध्ये काही बिघडलं होतं का?" दुसरी आत चक्क मोबाइल बघत होती, उजेड दिसला मला. असा संताप आला म्हणता! त्यांच्यावर कसला — माझाच पापड मोडला होता.

दुसऱ्या दिवशी दळण टाकायला गेले, आणि गिरणीच्या, दाणे ओततात त्या लाकडी चाड्याला हात टेकला. सबंध हात कोपरापर्यंत झिणझिणला. तिथल्या तिथे माइक लावला. घरी येऊन तो आवाज चौपट सावकाश केला, खालचे सूर वाढवले, शेडच्या फळ्यांखाली मोठे स्पीकर घातले. आणि दरडीच्या आधी तो अर्धं मिनिट सोडला. आधी तळपायांना कळतो, मग पोटाला, कानांना सगळ्यात शेवटी. पुन्हा तीच मुलं बसवली. मोबाइलवाली रडत बाहेर आली. मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला — आणि मनातून मला इतका आनंद झाला होता!

इथवर काही गुन्हा नाही, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. नाटक ते नाटक. खोटी वीज चमकवली म्हणून कुणी भाजत नाही. खरंच ना?

पण उद्घाटनाला मी अख्खी वाडी दोन जिपा करून आणली. हौसही म्हणा, मिरवणंही म्हणा. वाडीच्या शाळेचे गुरुजीही आले. सगळे आत बसले, आणि बाहेर आले तेव्हा बायांचे चेहरे पांढरे पडले होते. बबनची मुलगी त्याच्या गळ्याला मिठी मारून होती, सुटेना. एकट्या हौसाबाई शांत. माझ्याजवळ आल्या, पदराने तोंड पुसलं आणि साधेपणाने विचारलं, "बाई, त्यो मदला आवाज कुटला? आमाला तर न्हाई आला कदी."

आता बघा — इथे एक वाक्य बोलायचं होतं मला. "मावशी, तो गिरणीचा आहे." पाच शब्दसुद्धा नाहीत! पण भोवती माणसं होती. कॉलेजचे लोक होते, फोटो काढणारा होता, आणि दहा मिनिटांपूर्वीच मी भाषणात म्हटलं होतं की यातला कण न् कण खरा आहे. मी हसून म्हटलं, "मावशी, तज्ज्ञ सांगतात, डोंगर सुटण्याआधी असाच आवाज होतो. तुम्हाला तेव्हा पावसात ऐकू आला नसेल."

त्यांनी पदर पुन्हा डोक्यावर घेतला. मग म्हणाल्या, "आसंल बाई. तुमी शिकल्याली मान्सं."

गुरुजींनी वहीच काढली. आवाज नक्की येतोच का, किती आधी येतो? मी म्हटलं, येतोच. अर्धं मिनिट आधी. दरवेळी. त्याला नाव काही? आणि मला — काय अवदसा आठवली देव जाणे — मला नाव सुचलं. घुमका. म्हटलं, घाटातली जुनी माणसं याला घुमका म्हणतात. घाटातलं सगळ्यात जुनं माणूस माझ्या शेजारी उभं होतं, आणि ते मान डोलावत होतं.

कुठे कुठे डोंगर आधी गरजतही असेल, मला माहिती नाही. मी कुणा तज्ज्ञाला विचारलंच नव्हतं. ज्या एकीला विचारलं होतं, तिचं मी खोडून काढलं.

महिन्याभराने गुरुजींचा फोन आला, की शाळेच्या भिंतीवर सूचना रंगवतोय, अक्षर तुमचं हवं. गेले. माझ्या हाताने, निळ्या रंगात, हे एवढालं लिहिलं — "घुमका ऐकताच घर सोडा." खाली डोंगर काढला, पळणारी माणसं काढली. मुलं टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी बबनकडे जेवले, हौसाबाईंनी हट्टाने दोन भाकऱ्या जास्त वाढल्या. वाडीने ठरवलं होतं, मोठा पाऊस लागला की पाळीपाळीने एकाने ओट्यावर कान देऊन बसायचं. झऱ्यापर्यंत चिखलातून कशाला तुडवत जायचं आता?

मी "वा, छान" म्हटलं.

पुढच्याच पावसाळ्यात झालं ते. भर दुपारी, आवणाच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, जेवणं उरकून लोक घटकाभर टेकले होते तेव्हा. वाडीच्या एका कडेला डोंगर सुटला. बाकीची घरं वाचली. बबनच्या घराचा मागचा अर्धा भाग गेला, आणि त्यात हौसाबाई गेल्या. सून आणि नात खाली भाताच्या खाचरात होत्या. बबन पुढच्या ओट्यावर होता. त्या दुपारी त्याची पाळी होती.

मी दहाव्याला गेले. त्याआधी जायला माझे पाय उठेनात. बबनच्या डोक्याचं मुंडण केलेलं, तो एका दगडावर बसलेला. मला बघून उठला, पाया पडला — माझ्या! — आणि स्वतःहूनच सांगायला लागला. त्याला कुणाला तरी सांगायचं होतं.

"आय मागनं आली. म्हनली, झरा तुटलाय रं, चल, उट. म्या म्हनलं, आये, घुमका कुटं आलाय आजून? घुमका आला की निगू. ती म्हनली, बरं. आन आत गेली, शेरडांकडं."

बरं म्हणाली. समजलं ना तुम्हाला? ती बाई उभ्या जन्मात एकदा अशाच तुटलेल्या झऱ्यामुळे वाचली होती. तिला माहीत होतं. आणि ती बरं म्हणून आत गेली, कारण एका शिकलेल्या बाईने चार माणसांत तिला सांगितलं होतं की तुझ्या कानांनी चूक केली.

मग बबन जे म्हणाला, त्यापायी मी हे सगळं सांगतेय. बाकीचं कदाचित गिळलंही असतं मी. तो म्हणाला, "म्याडम, घुमका मला ऐकूच आला न्हाई. सकाळधरनं आवणात व्हतो, कंबार मोडली व्हती. डोळा लागला आसंल माजा. न्हाईतर यवढा मोटा आवाज कसा चुकंल?"

वाडीही तेच म्हणत होती. तोंडावर नाही, पण म्हणत होती. पाळीवर झोपला, आईला खाल्ली.

आणि मी? तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. आत सगळं ओरडत होतं. सांग, सांग, आत्ता सांग, पुन्हा अशी वेळ येणार नाही. मला कसली भीती वाटली? तो मारेल याची? नाही हो. मारलं असतं तर सुटले असते. नोकरीची? थोडी वाटली, खोटं कशाला बोलू. पण खरी भीती त्याच्या चेहऱ्याची होती. आत्ता तो स्वतःकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर वळून माझ्याकडे येईल, याची. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "होतं असं, बबन. थकलेला होतास." म्हणजे नुसती गप्प नाही बसले मी. शिक्कामोर्तब केलं.

वाटलं होतं, संपलं. पुन्हा त्या वाटेला जाणार नाही, फोन घेणार नाही, हळूहळू बुजेल. खाई त्याला खवखवे, पण खवखव किती दिवस राहणार?

तर पुढच्या वर्षी, पाऊस तोंडावर आला असताना, बबन लवळ्याला माझ्या शेडच्या दारात उभा. मोटारसायकल लावलेली, हातात मधाची बाटली. म्हणाला, त्यो आवाज पुन्ना ऐकायचाय. मी म्हटलं, कशाला रे बाबा? तर म्हणाला, कानात बशिवतो. पुन्ना चुकाय नगं.

मी लावला. काय करणार होते? यंत्र बिघडलंय म्हणता आलं असतं, तेवढंही सुचलं नाही. तो फळ्यांवर मांडी घालून बसला, डोळे मिटले. तळहात खाली टेकवले. अर्धं मिनिट. मग म्हणाला, आणखी एकदा. असं सहा वेळा. शेवटी उठला आणि म्हणाला, "यवढा मोटा. मंग झोपच लागली व्हती मला. आता वळख पटली." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि चेहऱ्यावर — कसं सांगू — समाधान होतं. गुन्हेगार सापडल्याचं.

मधाची बाटली अजून आहे. उघडलेली नाही, टाकवतही नाही.

त्याच्याही पुढच्या वर्षी आला. मी आतल्या खोलीत लपले आणि शिपायाला सांगितलं, मॅडम रजेवर आहेत. खिडकीच्या फटीतून बघत होते. तो तासभर कट्ट्यावर बसून राहिला आणि मग गेला. कुणी मला धमकावत नाही, कुणी माझ्या मागे लागलेलं नाही. वर्षातून एकदा एक साधा माणूस येऊन माझ्या दारात बसतो, आणि मी लपून बसते.

या वर्षी तो मुलीला घेऊन आला. नऊ वर्षांची आहे आता. बबनच्या घरच्यांना रस्त्याच्या पलीकडे पत्र्याच्या खोल्या मिळाल्यात, पण मागे चढ आहेच. मी लपू शकले नाही, दारातच गाठ पडली. आवाज लावायच्या आधीच त्या पोरीने ओठ मिटून, घशातून, तो काढून दाखवला. हुबेहूब. म्हणाली, आम्ही खेळतो हे शाळेत. एकानं घुमका करायचा आणि बाकीच्यांनी पळायचं. बबन तिला म्हणाला, "नीट ध्येनात ठिव. तुजा बाप झोपला व्हता. तू झोपू नगं."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. ही पोर त्या चढाखाली बसून माझ्या गिरणीची वाट बघणार. माझं तोंड एकदाचं उघडलं. आणि काय निघालं त्यातून? मी म्हटलं, "बबन, नवीन माहिती आलीय बरं का. आवाज येतोच असं नाही. पाण्याकडे लक्ष ठेवा. भर पावसात झरा तुटला किंवा गढूळ झाला, तर कशाची वाट बघू नका. लगेच निघा. शाळेच्या भिंतीवरचंही बदलून टाका, मी कळवते गुरुजींना."

नवीन माहिती! त्याच्याच आईची, मीच टेपवर घेतलेली, मीच पुसलेली. पोर वाचावी इतपत खरं सांगितलं, आणि मी वाचावी इतपत झाकलं. किती बेताने कापलं बघा.

बबन माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, कळलं याला. सुटले एकदाची, असंही वाटलं. पण त्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तो हळूच म्हणाला, "आय बी ह्येच म्हनली व्हती. म्हंजी तिचं बी न्हाई ऐकलं, आन घुमका बी न्हाई ऐकला. दोन डाव सांगनं आलं व्हतं मला, म्याडम. दोन डाव."

मी त्याला म्हटलं, "चहा घे. गार होतोय."

त्याने घेतला. पोरीने बशीतून घेतला. मग दोघं मोटारसायकलवर बसून गेले, आणि मी शेडला कुलूप लावून घरी आले.

सूचना बदलली. गुरुजींनी ओळी पुसून नव्या रंगवल्या, फोटो पाठवला मला. वाडीवरचे लोक पुन्हा झरा बघायला जातात. आता त्या आवाजाची वाट कुणी बघत नाही. एक बबन सोडून. तो अजून ती दुपार कानांनी चाचपत बसतो, की नेमकं कधी मिटले डोळे? जेवणानंतर की आईने हाक मारल्यावर?

मिटलेच नव्हते. घुमका झालाच नाही त्या दुपारी, कारण घुमका नावाचं काही नसतं, ते मी केलं होतं. बबन जागाच होता.